डॉक्टरांच्या फटफटीचं दुखणं

मी हौसेनं हिंडणारा माणूस नव्हे. माथेरानला जाऊन घोड्यावर बसल्याचा फोटो काढून आणणारी मंडळी मला कधी समजली नाहीत. घोडाच बघायचा तर गिरगावात व्हिक्टोरियाला काय थोडे घोडे जुंपलेले असतात? तरी या पौषात मी चार दिवस कुलाबा जिल्ह्यात, कर्जत-खालापूरच्या मुलखात काढले, आणि परत आल्यापासून भेटेल त्याला त्याच गोष्टी सांगत सुटलो आहे. शेवटी बायको म्हणाली, "एकदाचं लिहून काढा आणि आम्हांला सोडा." म्हणून हा खटाटोप.

गिरगावात माझं मोटारसायकली दुरुस्त करायचं छोटं वर्कशॉप आहे. पंधरा वर्षांपूर्वी तिथंच यंत्राच्या पट्ट्यात सापडून माझा उजवा हात चेचला होता. इस्पितळातल्या मोठ्या साहेबानं दोन बोटं उडवायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या हाताखालचे एक डॉक्टर आडवे आले. म्हणाले, "हा माणूस बोटांवर पोट भरतो. आठ दिवस थांबू." बोटं वाचली. हे लिहिताना लेखणी त्याच बोटांत आहे. ते डॉक्टर म्हणजे भास्करराव. पुढं त्यांनी मुंबई सोडली, कर्जतला दवाखाना थाटला, आणि लढाईनंतर पुण्याला लष्करी लिलावात एक फटफटी घेतली. एका सिलिंडरची, घोड्यासारखी उंच. गेली तेरा वर्षं त्या गाडीवर ते गावोगाव, वाडीवाडी हिंडताहेत. गाडी किती मैल धावली याचा हिशेब त्यांनाही नाही.

मार्गशीर्ष संपता संपता त्यांचं कार्ड आलं: "सदू, गाडी कण्हते आहे. येऊन नाडी बघ." आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी कमल वर्कशॉपात येऊन उभी राहिली. ती सासरी ठाकुरद्वारला असते, आणि कार्डाचं तिलाही कळलं होतं.

"सदूकाका, तुम्ही जा. पण त्यांना सांगा, गाडी संपली."

"न बघताच?"

"बघून सांगा, पण तेच सांगा. बाबा एकसष्टीला आले. श्रावणात ओढ्यात घसरले. पाय गाडीखाली, आणि दोन तास तसेच पडून होते. एका गुराख्यानं बघितलं म्हणून! आई गेल्यापासून घरात वाट बघणारंही कुणी नाही. माझं ऐकत नाहीत ते. गाडीचं ऐकतील. गाडी थांबली की तेही थांबतील आणि माझ्याकडे येतील."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकांचं पाणी आणि ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोतलं पाणी, दोन्हीपुढं माझं डोकं चालत नाही. मी "बरं" म्हणून बसलो.

कर्जत

पुण्याला जाणाऱ्यांना कर्जत म्हणजे घाटासाठी मागून इंजिन जोडतात ते स्टेशन. खिडकीतून बघायचं आणि पुढं जायचं. मी उतरलो. थंडी चांगली होती. भातं कापून झालेल्या खाचरांत वाल उगवला होता, आणि पूर्वेला डोंगर असा उभा, की मुंबईच्या माणसाला उगाच मान वर करून चालावंसं वाटतं.

डॉक्टर स्टेशनवर आले होते, तेही फटफटीवर. त्यांचे केस पार पांढरे झालेत, उजवा गुडघा वाकत नाही. नमस्कार-चमत्कार राहिले बाजूला. मी म्हटलं, "बंद करू नका. चालू राहू दे."

दवाखान्याच्या अंगणात गाडी स्टँडवर घेतली आणि मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, असा वाकून बसलो. जुन्या इंजिनाचे आवाज एकमेकांत मिसळतात, ते गहू-तांदूळ निवडावेत तसे निवडावे लागतात. एक खडखड होती, ती इंजिन तापल्यावर गेली. म्हणजे पिस्टन थोडा ढिला, त्याचं काही नाही. एक टिकटिक होती व्हाल्व्हांची, तिचंही काही नाही. जुन्या गाडीत ती नसेल तरच काळजी करावी. पण खाली, पोटात, एक तिसरा आवाज होता. जरा जोर दिला की ठक. पुन्हा जोर दिला की ठक.

"थांब," डॉक्टर म्हणाले, आणि आतून स्टेथॉस्कोप घेऊन आले. माझ्या शेजारी बसून त्यांनी तो सिलिंडरला लावला, डोळे मिटले. दवाखान्याच्या ओट्यावर बसलेले रोगी आपापली दुखणी विसरून बघत राहिले.

"काय ऐकू येतं?" मी विचारलं.

"मला सगळीकडं छातीच ऐकू येते रे. ही चाळिशीची बाई असती तर मी हवापालट सांगितला असता." मग हळू आवाजात म्हणाले, "मोठं आहे का?"

मोठंच असण्याचा संभव होता. पिस्टनचा दांडा खाली ज्या बेअरिंगवर फिरतो ते झिजलं की असाच आवाज येतो, आणि तसं असेल तर गाडी संपली. तिचे सुटे भाग आता विलायतेतही मिळत नाहीत. कमलला दिलेला शब्द तिथंच, अंगणात, खरं बोलून पाळता आला असता. पण माझा स्वभाव आडमुठा. इंजिन उघडल्याशिवाय मी स्वतःच्या बापाला निकाल सांगणार नाही.

"दोन दिवस तुमच्या मागं बसून फिरतो," मी म्हटलं. "मग सांगतो."

जेवताना ते वाड्यांबद्दल बोलले. कोंडाण्याच्या वर डोंगरात ठाकर लोकांच्या तीन वाड्या, तिथं दुसरा डॉक्टर जात नाही. "निम्म्यांना मी औषध देतो ते मन राखायला. दुखणं कसलं? उपास. पावसाळा सरताना घरात दाणा नसतो. माणूस लुळा पडतो आणि लोक म्हणतात, म्हातारा झाला. म्हातारा कुठला! उपाशी आहे."

खालापूरची वाट

दुसऱ्या दिवशी खालापूर. मागच्या कॅरियरवर गोणपाट घालून मी बसलो, मांडीवर औषधांची पेटी. रस्त्याचं वर्णन माझी कंबर जास्त चांगलं करील.

मैल-दोन मैलांवर पहिलं गाव आलं. वेशीवर मारुती. डॉक्टरांनी गाडी हळू केली, "जय बजरंगा!" म्हणाले आणि टाकीवरच्या पंपाचा दट्ट्या एकदा दाबला. पुढच्या गावाला पुन्हा तेच. आधी मारुती, मग दट्ट्या.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगतो. असली जुनी इंजिनं तेल आपलं आपण घेत नाहीत, ते वापरलं की जळून जातं. बसणाऱ्यानं आठवण ठेवून दर काही मैलांनी एक पंप द्यावा लागतो. मुंबईतले आमचे शेठलोक हमखास विसरतात आणि मग मला शिव्या देतात.

"हे काय काढलंय तुम्ही?" मी ओरडून विचारलं.

"मैलाचे दगड मोजायला लागलो की विसरतो," तेही ओरडून म्हणाले. "मारुती विसरत नाही! लहानपणी आईनं सवय लावली, वेशीवर मारुती दिसला की हात जोडायचे. आता एक हात हँडलवर असतो, म्हणून दुसऱ्या हातानं तेल. त्यालाही तेलच आवडतं ना!"

मला मनापासून हसू आलं. माझ्या सबंध गिऱ्हाइकांत एवढा नेमाचा माणूस नाही. आणि खरंच, त्या वाटेवरचे मारुती जणू इंजिन बनवणाऱ्यानं बघून बसवले होते.

खालापुरात एका शेतकऱ्याच्या घरी जखम धुवायची होती. घरधनीण आम्हांला जेवल्याशिवाय सोडीना. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. आमच्याकडे बिरड्यात गुळाचा खडा पडतो, इथं नाव नाही. नुसती मिरची आणि लसूण. डोळ्यांत पाणी आणून मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. बाई डॉक्टरांना म्हणाल्या, "पाव्हनं मुंबईचं हायेत ना? तरीच. तिकडं पोटभर वाढीत नाय कुनी."

तिथून खोपोलीला गेलो. विजेच्या कारखान्याचे ते जाडजूड नळ डोंगरावरून खाली येतात, ते बघून माझी छाती दडपली. खरी गंमत मात्र आमच्या गाडीची होती. सबंध रस्ताभर ठक जवळजवळ ऐकूच आली नाही! मी चक्रावलो. बेअरिंग गेलं असेल तर ते रस्ता बघून दुखत नाही.

"डॉक्टर, ही जास्त कुठं कण्हते?"

"कोंडाण्याकडं. वाड्यांवरून येताना तर फार."

इथंच घोडं पेंड खात होतं. पण का, ते मला उमगेना.

कोंडाण्याच्या वर

तिसऱ्या दिवशी कोंडाणे. तिथं डोंगरात जुनी लेणी आहेत, लांबून लांबून लोक बघायला येतात. मी पाहिली नाहीत, लेणी पाहणाऱ्यांनी मला क्षमा करावी. गावच्या मारुतीला एक पंप दिला आणि आम्ही जंगलाच्या ठेकेदारानं पाडलेल्या गाडीवाटेनं वर निघालो.

"पूर्वी गाडी इथं गावात ठेवून मी पायी चढायचो," डॉक्टर म्हणाले. "दोन वर्षं झाली, गुडघ्यानं धरलं. तेव्हापासून हिलाच वर नेतो."

चढ उभा. पहिल्या गिअरमध्ये गाडी धापा टाकत चालली. एक वाडी झाली. डॉक्टरांनी एका बाळाचा कान पाहिला. दुसरी वाडी झाली. ओढा ओलांडून तिसऱ्या वाडीकडं वळलो आणि ठक सुरू झाली. आधी एक-एक, मग सलग, ठकठकठक. माझ्या नाकात जळका वास आला. मी डॉक्टरांच्या खांद्यावर थाप मारली, तोंड उघडलं, एवढ्यात इंजिन आवळलं, मागचं चाक जागच्या जागी धरलं आणि आम्ही दोघं पेटीसकट गवतात.

"सदू! हात बघू!" हे पडलेल्या डॉक्टरांचं पहिलं वाक्य. माझं कोपर सोलवटलं होतं, एवढंच. त्यांना काही झालं नव्हतं. गाडी मात्र एकदम गप पडली होती. सिलिंडरवर थुंकी टाकली तर चर्र झालं.

पाव तास झाला नसेल, वरून माणसं उतरताना दिसली. चार-पाच गडी आणि पुढं एक काटकुळी म्हातारी, हातात कोयता. तिचं नाव बुधी.

"लागलं नाय ना रं तुला?" तिनं डॉक्टरांना विचारलं. आमच्याकडं डॉक्टरला 'अरे-तुरे' केलं तर नर्स हाकलून देईल. इथं सगळेच एकमेकांना तू म्हणतात, आणि ते कानाला जड जात नाही. "ठकठक येत व्हती, मंग येकदम थांबली. म्हटलं, डागदर पडला."

गड्यांनी गाडी ढकलत वाडीत नेली. आंब्याखाली मी हत्यारं काढली. बुधीनं न सांगता सागाची रुंद पानं आणून अंथरली, आणि मी एकेक भाग सोडवून पानांवर ओळीनं मांडत गेलो. वाडी भोवतीनं बसली. डॉक्टर मात्र लांब, एका दगडावर बसले होते. इतकी वर्षं लोकांच्या दारांत रोग्याजवळ बसणारा माणूस पहिल्यांदाच नातेवाइकांच्या जागी बसला होता आणि त्याला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

सिलिंडर वर उचलला. आधी पिस्टनचा दांडा धरून वर-खाली हलवला. बेअरिंग गेलं असेल तर इथं कळतं. पुन्हा हलवला. तिसऱ्यांदा हलवला. अहो, जरासुद्धा खेळ नाही! तेरा वर्षं धावलेलं इंजिन आणि बेअरिंग टुणटुणीत. मग पिस्टन पुसला. त्याच्या अंगावर उभे ओरखडे होते, मांजरानं काढावेत तसे, आणि पिस्टनभोवतीची वरची कडी जळक्या तेलात चिकटून बसली होती. सिलिंडरच्या आतून नख फिरवलं, तर झीज थोडी, ओरखडे ताजे. वयाची झीज अशी नसते. ती सावकाश, सारखी होते. हे इंजिन कोरडं पळवलेलं होतं. ती ठकठक पिस्टनची होती, तेलावाचून तापून सिलिंडरच्या भिंतींवर आपटणाऱ्या पिस्टनची. पोटात खाली काही नव्हतंच. आग रामेश्वरी आणि मी बंब घेऊन सोमेश्वरी!

"मेली का वाचंल?" बुधीनं विचारलं.

डॉक्टर उठून जवळ आले. "सदू, खरं सांग. मी नातेवाइकांना सांगतो तसलं नको."

मला कमल आठवली. एक शब्द पुरे होता. 'संपली.' ही माणसं काय, डॉक्टर काय, कुणालाही कळलं नसतं. माझ्यावर विश्वास ठेवून सगळे गप बसले असते आणि फाल्गुनापर्यंत डॉक्टर ठाकुरद्वारच्या खिडकीत बसलेले असते. जीव सुरक्षित. मी माझ्या त्या दोन बोटांकडं बघितलं. ती उडवली असती तरी तेव्हा कुणाला कळलं नसतं, की ती वाचण्यासारखी होती.

"डॉक्टर," मी म्हटलं, "शेवटचं तेल कुठं दिलंत?"

"कोंडाण्याच्या मारुतीला."

"नंतर?"

"नंतर मारुती कुठं आहे? वाड्यांवर नाही मारुती." ते बोलता बोलता थांबले. त्यांचा हात तसाच वर राहिला, दट्ट्या दाबायला नेल्यासारखा. "अरे देवा. म्हणजे वर येताना, तिन्ही वाड्या फिरून, परत खाली जाईपर्यंत..."

"एक थेंब नाही. दोन वर्षं. आणि ते सुद्धा चढावर. डॉक्टर, ही म्हातारी झालेली नाही. उपाशी आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आपलं वाक्य आपल्याला परत मिळालं की माणूस जरा खुळ्यासारखा दिसतो. मग खाली बसले आणि पिस्टनवर हात ठेवून म्हणाले, "मी उपाशी ठेवली. मी!"

मी वाडीला सगळं समजावून सांगितलं, मारुतीची खूण, तेल, सगळं. ऐकून गडी खो खो हसायला लागले. बुधी हसली नाही.

"मारुतीलाच त्याल देतोस व्हय रं?" ती म्हणाली. "वाटंत आमचा वाघोबा बसलाय, तो नाय दिसला तुला?"

"कुठं?"

"वढ्याच्या वर. शेंदूर लावलेला धोंडा हाय बग, जांभळीखाली."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "तो धोंडा? अगं, पायी यायचो तेव्हा त्याला टेकून बसायचो मी. बुटातले खडे काढायचो तिथं."

"म्हाईत हाय. आमी बघत व्हतो."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू औषिद घेऊन यायचास," बुधी म्हणाली. "वाघोबा काय बोल्ला नाय, मंग आमी कशाला बोलावं?"

डॉक्टर आपल्या बुटांकडं बघायला लागले. मीच मग मुद्दाम खाटखूट करत कामाला लागलो.

डॉक्टरांच्या पेटीतलं स्पिरिट आणि कापूस घेऊन पिस्टन धुतला, चिकटलेली कडी सोडवली, ओरखड्यांच्या कडा बारीक कागदानं उतरवल्या. कायमचा उपाय नव्हे. पुढच्या महिन्यात नव्या कड्या बसवायच्या, सिलिंडर घासून घ्यायचा. पण चालण्यासारखं झालं. मधे बुधीनं नाचणीची भाकरी आणि उकडलेले करांद्याचे कंद दिले. करांदा कडवट लागतो. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "दुसऱ्यांदा खा, मंग नाय लागनार." दुसरा खाल्ला. तिचं खरं होतं.

गाडी चालू केली. ठक गेली होती. व्हाल्व्हांची टिकटिक तेवढी राहिली. माझा जीव भांड्यात पडला आणि मी वाडीकडं जरा ऐटीत बघितलं. बुधीच्या कपाळावर आठी.

"आवाज पार काढलास का रं?"

"काढायलाच तर आलो होतो!"

"मंग आमाला कसं कळायचं? ठकठक खालून आली का आमी आजाऱ्याला भायेर आनून निजवतो. मधीच थांबली का खाली येतो. आज नाय आलो का? सावनात वढ्यात पडला, तवा पानी व्हतं, ऐकूच नाय आली. तवाधरनं रोज कान देतो आमी."

मी हत्यारं भरत होतो, ती तशीच हातात राहिली. म्हणजे कमल ज्या वाट बघणाऱ्या माणसाला शोधत होती ते इथं होतं, कोयता घेऊन. एक नव्हे, सबंध वाडीच!

मी आयुष्यात कधी केलं नाही ते केलं. दुरुस्त केलेल्या इंजिनाचा व्हाल्व्ह मुद्दाम केसभर ढिला केला. टिकटिक खणखणीत वाजायला लागली. इंजिनाला त्यानं काही होत नाही. "एवढी पुरेल?" बुधीनं कान दिला आणि मान हलवली.

उतरताना जांभळीखाली डॉक्टरांनी गाडी थांबवली. शेंदराचा, गुडघ्याएवढा धोंडा. त्यांनी टोपी काढली, दुखऱ्या पायानं कसेबसे वाकले, धोंड्याच्या पायाशी टेकून टेकून गुळगुळीत झालेली जागा होती तिच्यावर हात फिरवला, आणि मग गाडीपाशी येऊन दट्ट्या दाबला. वरून बुधीची हाक आली. टिकटिक थांबलेली तिनं ऐकली होती.

"हाय गं, हाय!" डॉक्टरांनी वर ओरडून सांगितलं.

गिरगाव

आल्याबरोबर कमल वर्कशॉपात हजर. "सांगितलंत ना काका?"

मी सगळं सांगितलं. शब्द मोडला हेही सांगितलं, चांगलं खाली मान घालून. ती रागावली. तिचा हक्कच होता. मी वाघोबाचं सांगितलं, बुधीच्या कोयत्याचं सांगितलं, त्या ढिल्या व्हाल्व्हचं सांगितलं. ती पाठ करून उभी राहिली. मग एकच विचारलं, "ओढ्यापासचा आवाज वर वाडीत खरंच ऐकू येतो?"

"पाव तासात माणसं आली, कमल. मी तिथं गवतात पडलो होतो."

ती निघून गेली. मला वाटलं, तुटलं.

काल नव्या कड्या घेऊन मी पुन्हा कर्जतला निघालो, तर वर्कशॉपाच्या दारातच ती व्हिक्टोरियातून उतरली. हातात पिशवी, पिशवीत दोन बाटल्या. एकीत इंजिनाचं तेल, चांगलं, जाड, माझ्याच दुकानाच्या गल्लीतून घेतलेलं.

"आणि ही खोबरेलाची कुणाला?" मी विचारलं. "डॉक्टरांच्या डोक्याला?"

"नाही," कमल म्हणाली. "ही वाघोबाला. बाबांच्या हातानं नको. बुधीबाईंच्या हातात द्या, आणि सांगा, मुलीनं दिली आहे."